‘टी.सी. देऊन टाका’ म्हणण्याआधी

प्रश्न : नववीतला मुलगा मोबाइल चोरीच्या प्रकरणात सापडला. इतर पालक म्हणतात, टी.सी. देऊन मोकळे व्हा. काय करावे? – मुख्याध्यापक, मानेवाडा

उत्तर : सर, देऊ नका. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार मुलाला शाळेतून काढताच येत नाही. नववीला ते कवच नाही, पण टी.सी. हातात पडली की त्याचा अख्खा दिवस मोकळा होतो आणि ज्यांच्या नादाने तो इथवर आला, त्यांच्याच ठेल्यावर जातो. सत्राच्या मध्यात दुसरी शाळा सहसा घेत नाही.

बाल न्याय मंडळाची (१८ वर्षांखालील मुलांवरचे आरोप तपासणाऱ्या मंडळाची) चौकशी संपेपर्यंत शाळेच्या कुठल्याही कागदावर ‘चोरी केली’ असे लिहू नका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव तर अजिबात नको. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख, अगदी शाळेचे नावसुद्धा, उघड करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरची-शाळेची माहिती मंडळाला देणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालासाठी येतील, तेव्हा हजेरी, गुण आणि मुलाला काय चांगले जमते, हे तिन्ही सांगा. तिसरे शाळा हमखास विसरते.

प्रश्न : पोलिसांनी मुलाला शाळेतूनच नेले तर? – एक आई, इंदोरा

उत्तर : ताई, बेडी नाही, लॉकअप नाही, आणि २४ तासांच्या आत मंडळासमोर हजर करावेच लागते. बालकल्याण पोलीस अधिकारी साध्या वेशात हवेत. शाळेने आधी तुम्हाला फोन करावा. मूल १८ च्या आतले आहे का, हे ठरवताना शाळेतील जन्मतारखेचा दाखला पहिला धरतात. दाखल करताना अंदाजे टाकलेली तारीख इथे घात करते, म्हणून रजिस्टरमधली नोंद आजच तपासा.

प्रश्न : मूल भरकटते आहे हे आधी कसे ओळखावे? – वर्गशिक्षिका, सातवी, नंदनवन

उत्तर : बाई, हजेरीपट बघा, पण फक्त सकाळचा नको. प्रार्थनेला हजर आणि मधल्या सुट्टीनंतर गायब, असे पंधरवड्यात तीनदा झाले की त्याच दिवशी घरी फोन करा. महिन्याची बेरीज होईपर्यंत थांबू नका. मग दप्तर उघडायला लावण्याऐवजी त्याला जवळ बसवून चौथीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या. पुष्कळदा गाठ तिथेच सापडते : वाचता येत नाही, ते लपवायला तो वर्गात दंगा करतो, दंगा केला की बाहेर उभा राहतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या पोराला फाटकापर्यंत जायला दोन मिनिटे लागतात. म्हणून वर्गाबाहेर काढणे बंद करा. रोज २० मिनिटे, एकट्याला, वर्गमित्रांसमोर नाही, असे वाचन घ्या. मारणे आणि मानसिक त्रास, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे; शिवाय मार खाल्लेले मूल दुसऱ्या दिवशी येत नाही आणि तुमच्या हातातला एकमेव धागा सुटतो. घरात मारहाण किंवा दारू असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा.

प्रश्न : शाळेजवळच्या पानठेल्यावर पोरांना खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) मिळतो. – शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

उत्तर : शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखूविक्रीला बंदी आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. समितीचा ठराव करून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ठेल्याची जागा, फाटकापासूनचे मोजलेले अंतर आणि विक्रीची वेळ लिहा. खर्रा घेणाऱ्या मुलांची नावे लिहू नका.