अकरावीत व्हायोलिन निवडलेल्या विद्यार्थ्यास

ख्रिस्ती शाळेत अकरावीला व्हायोलिनवादन घेतले आहेस, तर आधी पाश्चात्त्य स्वरलिपीकडे लक्ष दे, कारण घरच्या भजनात पेटीवर कानाने सूर धरणाऱ्या मुलाला पाच रेषांवरचे वाचन परके वाटते आणि तो पाठांतरावर वेळ निभावून नेऊ लागतो. रोज थोडा वेळ, कधीही न पाहिलेली ओळ संथ लयीत, चुकले तरी न थांबता वाजवत जा. तुझा तयार कान ही मात्र मोठी जमेची बाजू आहे. ती कमी लेखू नकोस.

शाळेच्या गायनवृंदात जरूर सामील हो. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील पॅरिश शाळांमध्ये स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि त्या परंपरेतील चार आवाजांच्या रचनेत मधला आवाज सांभाळताना आजूबाजूचे सूर ऐकत स्वतःचा सूर टिकवण्याची जी सवय लागते, ती माझ्या मते एकट्याच्या रियाजातून लागत नाही. घरच्यांना संकोच वाटल्यास हा अभ्यासाचा भाग आहे, असे शांतपणे सांग.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाची सहावी श्रेणी गाठायची असल्यास पाचव्या श्रेणीची थिअरी परीक्षा आताच उरकून घे, कारण सहसा त्याशिवाय पुढील वादन-परीक्षेला बसता येत नाही. पावसाळ्यात दमट हवेने खुंट्या अडकतात. वाद्य त्याच्या केसमध्येच ठेव. साथीच्या पियानोवादकासोबतचा सराव परीक्षेच्या आठवड्यावर ढकलू नकोस, शिक्षकांना आजच विचार.