जर्मनीतला नाताळ: शेजाऱ्यांकडे केव्हा जावे?

आपण लिहिले आहे की ऑगस्टमध्ये आपण सहकुटुंब कोलोनला आलात, मुलगी किंडरगार्टनमध्ये जाते, आणि २५ डिसेंबरला सकाळी शेजाऱ्यांकडे फराळाचा डबा घेऊन जावे की आदल्या संध्याकाळी, हे आपल्याला ठरवता येत नाही. मी याच भागात चौदा वर्षे राहते आहे. माझे स्पष्ट मत असे की डबा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच द्यावा, कारण इथला नाताळ हा एका दिवसाचा सण नसून चार आठवडे वाट पाहण्याचा सण आहे, आणि ती वाट संपते तेव्हा घरांची दारे बंद झालेली असतात.

आपल्या मुलीसाठी मात्र सुरुवात ११ नोव्हेंबरलाच होईल. त्या सुमारास संत मार्टिनची मिरवणूक निघते. ज्या रोमन सैनिकाने आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, तो पुढे घोड्यावर असतो आणि मागून मुले स्वतः बनवलेले कागदी कंदील काठीला लावून गात चालतात. दिवाळीचा आकाशकंदील नुकताच उतरवलेला असताना हे पाहून घशात काहीतरी दाटून येते. शेवटी मुलांना ‘वेकमान’ मिळतो, म्हणजे मनुकांचे डोळे असलेला गोडसर पावाचा माणूस. त्याच्या पोटावर पांढऱ्या मातीची खरीखुरी चिलीम चिकटवलेली असते, ती काढून मगच मुलीच्या हाती द्यावा. त्याच दिवशी ११ वाजून ११ मिनिटांनी कोलोनचा कार्निव्हलही सुरू होतो, पण लहान मुलीला घेऊन जुन्या शहरातल्या त्या गर्दीत न गेलेले बरे.

५ डिसेंबरच्या रात्री मुलीचे बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायला विसरू नका. सकाळी त्यांत अक्रोड, संत्री आणि चॉकलेट सापडले पाहिजे. हा खाऊ ठेवून जाणारा निकोलाउस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहराचा बिशप. २४ तारखेला भेटी आणणारा वेगळा, आणि आपल्या भागात तो बहुधा ‘क्रिस्टकिंड’, म्हणजे बाळ येशू असतो. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे हेच काम दाढीवाला ‘वाइनाख्ट्समान’ करतो. गंमत अशी की संतांचे स्तोम नको म्हणून क्रिस्टकिंडची प्रथा रुजवली ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी, आणि आज ती टिकून आहे मुख्यतः कॅथलिक प्रदेशांत.

‘आडव्हेंट’ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवारांचे वाट पाहण्याचे दिवस. घरोघरी दिसणाऱ्या चार मेणबत्त्यांच्या ‘आडव्हेंट’ चक्राचे मूळ हॅम्बुर्गमध्ये आहे. तेथे अनाथ व गरीब मुलांचा आश्रम चालवणारे योहान हिनरिश विशर्न यांनी, ‘नाताळ कधी?’ असे सतत विचारणाऱ्या मुलांसाठी १८३९ मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. आता रविवारच्या चारच उरल्या आहेत. त्यांपैकी एखाद्या रविवारी दुपारी कॉफीच्या वेळी, आधी विचारून, करंज्या घेऊन जावे. यासारखा दुसरा मुहूर्त नाही.

२४ तारखेला दुकाने दुपारी दोनच्या आत बंद होतात, आणि पुढचे दोन्ही दिवस सुट्टीचे असतात, तेव्हा दूधभाजी आधीच भरून ठेवावी. पहिल्या वर्षी मी त्या संध्याकाळी सहा वाजता शेजारच्या आजींची बेल वाजवली. आजोबांच्या हातात पितळी घंटी होती. ती वाजली की मुलांनी झाडाच्या खोलीत यायचे आणि भेटी उघडायच्या, असा त्यांचा क्रम. माझ्या बेलने नातवंडे अर्धा मिनिट आधीच आत धावली होती. आजींनी डबा हसून घेतला, बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज खाऊन जाण्याचा आग्रहही केला, पण मी संकोचाने अर्धमेली झाले होते.

६ जानेवारीच्या आसपास, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या वेशातली मुले दारी येतील, गातील, गरजू मुलांसाठी निधी मागतील आणि चौकटीवर खडूने वर्षाचे आकडे व सी, एम, बी ही अक्षरे लिहितील. ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ अशा अर्थाच्या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरे आहेत आणि ती वर्षभर तशीच ठेवायची असतात. आमच्या दारावरची पहिली अक्षरे मी त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकली होती.