बॉक्सच्या कुंपणात जाळी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरासोबत बॉक्स या बारीक पानांच्या सदाहरित झुडपाचं जुनं कुंपण आणि गोल कापलेली दोन झुडपं मिळाली. यंदा पानं वाळली, आत कोळिष्टकासारखी जाळी दिसते. उपटून टाकू का?

उत्तर : उपटायची घाई मुळीच नको. फांद्या हाताने बाजूला सारून आत बघा. हिरवट-पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या आणि लेंड्यांचा हिरवा सडा दिसला, तर हे बॉक्सवरच्या पतंगाचं काम. तो मूळचा पूर्व आशियातला. २००७मध्ये जर्मनीत सापडला आणि लगेच इंग्लंडातही पोचला. अळ्या वेचा, जाळी कापून टाका. मार्चपासून नजर ठेवाच, कंटाळा करू नका. साल शाबूत असेल तर बॉक्स जुन्या लाकडातूनही फुटतो. म्हणून मला त्याच्याबद्दल आशा वाटते.

कोवळ्या काड्यांवर काळे चट्टे असतील तर मात्र ती बुरशी. रोगट फांद्या कापा, गळलेली पानं उचला, कात्री स्पिरिटने पुसा. यातलं काहीही कंपोस्टमध्ये घालू नका.

छाटणी जूनमध्ये, ढगाळ दिवशी करा. कडक उन्हात नव्याने उघडी पडलेली पानं करपतात.