साखरपुड्याच्या अंगठ्या: आधी न परतणारे पैसे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: साखरपुडा दोन महिन्यांवर आलाय, दोन्ही अंगठ्या मिळून दीड लाखाच्या आत बसवायच्या आहेत. मुलीला हिऱ्याची हवी आहे, मुलाच्या अंगठीबद्दल घरातली मोठी माणसं ‘निदान तोळ्याची तरी’ म्हणतायत, आणि कुणीतरी ‘दोन महिन्यांचा पगार’ असा नियम ऐकवलाय.

पगाराचा नियम सोडून द्या. तो अमेरिकेत १९८०च्या दशकात डी बिअर्स या हिरे कंपनीने जाहिरातींतून रुजवला. तिथे सगळा भार एका अंगठीवर असतो. आपल्याकडे मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या यांत सोनं जाणारच आहे.

बजेट ठरवायची माझी रीत अशी: बिलाचे दोन भाग पाडायचे. एक, मोडीला परत येणारं सोनं. दुसरा, परत न येणारे पैसे, म्हणजे घडणावळ, जीएसटी, हॉलमार्किंगचं शुल्क आणि खड्यांचा बराचसा भाग. मर्यादा घालायची ती या दुसऱ्या भागावर. सोन्यात एखादा ग्रॅम जास्त गेला तर पैसे घरातच राहतात.

हिशोबापुरता २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरतो, तुम्ही त्या दिवशीचा घाला. मुलाची साधी, बिनखड्याची २२ कॅरेटची ५ ग्रॅमची अंगठी: सोनं ५०,०००, घडणावळ १२ टक्के म्हणजे ६,०००, एकूण ५६,००० वर ३ टक्के जीएसटी १,६८०, हॉलमार्कचे ४५ रुपये अधिक कर असे ५३. बिल ५७,७३३. न परतणारे ७,७३३, शिवाय मोडताना सराफ जी काही घट धरेल ती.

आता मुलीची १८ कॅरेटची, एका ०.३० कॅरेट हिऱ्याची, एकूण वजन ३ ग्रॅम. हिऱ्याचा १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा हिऱ्याचे ०.०६ वजा करून सोनं २.९४ ग्रॅम. १८ कॅरेटमध्ये शुद्ध सोनं ७५ टक्के, २२ मध्ये ९१.६, म्हणून १८ कॅरेटचा भाव ८,१८८ (१०,००० गुणिले ७५, भागिले ९१.६), सोनं २४,०७३. हिरा ४०,००० धरू, घडणावळ ग्रॅमला १,५०० प्रमाणे ४,४१०. जीएसटी आणि हॉलमार्क धरून बिल ७०,५९०. यातलं हक्काने परत येणारं फक्त २४,०००. उरलेल्या साडेशेहेचाळीस हजारांचं काय होईल, ते त्या पेढीच्या लेखी बायबॅक (दागिना परत घेण्याच्या) अटींवर.

दोन्हींची बेरीज १,२८,३२३. भाव १२,५०० झाला तरी ती १,४९,००० च्या आत राहते. म्हणजे त्या भावापर्यंत दीड लाखात हे बसतं, फक्त हिरा वाढवायचा मोह आवरावा लागेल.

हिऱ्यात पैसे कुठे वाचतात? वजनाच्या गोल आकड्यांवर. ०.३०, ०.५०, १.०० इथे दर कॅरेटचा भाव उडी मारतो. ०.२८ किंवा ०.४८चा घेतला तर बोटावर फरक दिसत नाही, बिलात दिसतो. गोल ०.३०चा हिरा साधारण ४.३ मिलिमीटर, ०.५०चा ५.१ मिलिमीटर रुंद असतो. हिऱ्याचा रंग इंग्रजी अक्षरांत मोजतात, डी सगळ्यात पांढरा, पुढे पिवळेपणा वाढत जातो. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर एच किंवा आय रंग पुरतो, कारण सोन्याची झाक हिऱ्यात उतरतेच. पांढऱ्या सोन्यात मात्र जी-एचच्या खाली उतरू नका. शुद्धतेत (आतल्या डागांच्या प्रतवारीत) व्हीएस २ किंवा चांगला एसआय १, नुसत्या डोळ्यांना डाग दिसला नाही की झालं. काटकसर कटमध्ये, म्हणजे पैलूंच्या घडणीत, करू नका, हिरा चमकतो तो कटमुळे.

लॅबमधला हिराही हिराच असतो, कार्बनच. किंमत नैसर्गिकच्या मानाने बरीच कमी आणि गेल्या काही वर्षांत आणखी घसरलेली. मोठा खडा हवा असेल आणि परतीची अपेक्षा नसेल तर खुशाल घ्या, पण त्याचे सगळे पैसे न परतणाऱ्या रकान्यात मांडा. कुठलाही घेतलात तरी आयजीआय किंवा जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा कागद घ्या आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक असेल तर तो भिंगातून कागदाशी जुळवा.

हिरा २२ कॅरेटमध्ये बसवा असा घरातून आग्रह होईल. ते सोनं मऊ, प्राँग (खडा धरणाऱ्या नख्या) वाकतात आणि खडा पडतो. म्हणून १८ कॅरेट. रोज कणीक मळणाऱ्या हातात उंच प्राँगची अंगठी ताप देते, पीठ अडकतं, ओढणीचे धागे ओढले जातात. बसकं कोंदण बघा.

प्लॅटिनमबद्दल एवढंच की त्याची घनता जास्त, त्यामुळे तीच डिझाइन १८ कॅरेट सोन्यापेक्षा सुमारे ३० टक्के जड होते, घडणावळ भारी असते, आणि मोडायला बहुतेक वेळा त्याच दुकानात जावं लागतं.

‘तोळ्याची’ या आग्रहाला माझं उत्तर: १० ग्रॅमची अंगठी रोज वापरली जात नाही, ती कपाटात जाते. ५ ग्रॅमची अंगठी करा आणि पुढेमागे जमेल तेव्हा उरलेल्या ५ ग्रॅमचं २४ कॅरेटचं वेढणं घ्या. त्याला घडणावळ नाममात्र असते. मान राहतो, सोनंही राहतं. एकमेकांच्या अंगठ्या दोन घरं करतात तिथे तुलना बिलाच्या रकमेवर येऊ देऊ नका. पुरुषाची अंगठी मुळातच जड आणि बाईची खड्यामुळे महाग असते. त्यापेक्षा दोन्ही बिलं एकत्र करून निम्मी-निम्मी वाटून घेणं सोपं.

दुकानात सोन्याचं निव्वळ वजन, त्या कॅरेटचा भाव, घडणावळ, खड्याची किंमत आणि कर वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. काही जण १८ कॅरेटचा भाव २४ कॅरेटच्या ७५ टक्क्यांपेक्षा चढा लावतात, तो वरच्या सूत्राने तपासा. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ ही पाटी घडणावळ मुळात २४ टक्के असेल तर निरर्थक आहे.

हॉलमार्क म्हणजे शुद्धतेचा शिक्का: अंगठीच्या आत बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२के९१६ किंवा १८के७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर घातला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. २ ग्रॅमखालच्या दागिन्यांना मात्र हॉलमार्कची सक्ती नाही, आणि नाजूक अंगठ्या नेमक्या त्याच वजनात असतात. तरीही मागून घ्या. हॉलमार्क असून शुद्धता कमी भरली तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळायची तरतूद आहे, पण हाती बिल हवं.

आजीची जुनी अंगठी मोडून करणार असाल तर मशीनवर कस बघितल्यावर समोर वितळवून परत बघायला सांगा. मशीन वरचा थर मोजतं, आतली डाक (सांधे जोडायला वापरलेला हलका धातू) वितळल्यावरच कळते. जीएसटी नव्या अंगठीच्या पूर्ण किमतीवर लागतो, फरकावर नाही. तो खर्च लोक विसरतात.

माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोटं बारीक असतात. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे आतल्या घेरात साधारण १ मिलिमीटर. पट्टा ५-६ मिलिमीटर रुंद असेल तर एक नंबर मोठं लागतं. चारी बाजूंनी खडे असलेली अंगठी नंतर कमी-जास्त करणं जवळपास अशक्य, तेव्हा तिचं माप दोनदा घ्या. ऑर्डर महिनाभर आधी द्या, आणि आगाऊ रक्कम देताना भाव त्या दिवशीचा धरणार की डिलिव्हरीच्या दिवशीचा, हे पावतीवर लिहून घ्या.