आधी लेंड्या तपासा, औषधाचं नंतर बघू

आयएल-१० नॉकआउट (सूज आवरणाऱ्या आयएल-१० प्रथिनाचा जनुक काढून टाकलेल्या) उंदरांपैकी काहींचं गुदद्वार बाहेर आलंय, लेंड्या पातळ झाल्यात, तर पाण्यातून अँटिबायोटिक देऊन प्रयोग पुढे रेटावा का, असं तुम्ही विचारलंय. कृपया आज काही देऊ नका. आधी लेंड्या पीसीआरला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, पाठवा. औषधाने जंतू दबतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रोग पिंजऱ्यातच राहतो.

'हा वाणच असा' असं लगेच ठरवू नका. हेच उंदीर जंतुविरहित वातावरणात वाढवले तर त्यांना कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, होत नाही. सगळा प्रश्न आतड्यात कोण राहतंय याचा आहे, आणि माझा पहिला संशय हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस या जंतूवर. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या बऱ्याच वाणांत तो काही न दाखवता राहतो. १९९२ साली अमेरिकेत एका दीर्घकालीन प्रयोगात, ज्यांना काहीच दिलं नव्हतं अशा कंट्रोल गटातल्या उंदरांच्या यकृतात सूज आणि गाठी निघाल्या. त्याच्या मागे हाच होता. तुमच्या कंट्रोलचीही खात्री आत्ता देता येणार नाही.

एखादा उंदीर दगावला तर फेकू नका, उघडून बघा. मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक चिमटीत धरा. एरवी ते मऊ असतं, आत लेंड्यांचे मणी दिसतात. मी एकदा धरलं तर ते जाड, ताठर आणि रिकामं लागलं. त्यामागे सिट्रोबॅक्टर रोडेन्टियम हा जंतू निघाला. सी५७ वाणाचे उंदीर यातून काही आठवड्यांत सावरतात, तोवर जंतूही निघून गेलेला असतो, म्हणून नमुना लवकर घ्या. सी३एच वाणाचे मात्र मरतात.

यकृतावर फिकट ठिपके दिसले तर टायझरचा रोग धरून चाला. त्याचा जंतू पेशीच्या आतच वाढतो, जंतू वाढवायच्या साध्या प्लेटवर येत नाही, त्यामुळे कल्चर (प्लेटवरची तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. पिंजरे आणि त्यातलं बेडिंग (भुसा) ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. सॅल्मोनेलाही तपासून घ्या, तो माणसालाही होतो, तेव्हा हातमोजे काढायचे नाहीत.

आणि त्याच खोलीत हॅमस्टर किंवा गिनीपिग असतील तर चुकूनही अँटिबायोटिकच्या पाण्याची बाटली त्यांना लावू नका. कित्येक अँटिबायोटिक्सनी त्यांच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जंतू माजतो आणि जनावर काही दिवसांत जातं.

हेलिकोबॅक्टर निघाला तर उंदरांची अख्खी वसाहत औषधाने धुऊन काढायच्या मागे लागू नका. प्रौढ उंदरांतून तो पुरता जाईलच याची खात्री नसते, शिवाय ज्या सूक्ष्मजीवांवर तुमचा कोलायटिस उभा आहे तेच बदलतात. गर्भ काढून स्वच्छ (हा जंतू नसलेल्या) मादीत रोपण करणं हा पक्का मार्ग. ते जमत नसेल तर पिल्लं जन्मल्यापासून २४ तासांच्या आत स्वच्छ आईकडे द्या.

गुदद्वार बाहेर आलेल्या उंदरांसाठी पशुवैद्यांना आजच बोलवा. बाहेर आलेला भाग सुकलेला किंवा रक्ताळलेला असेल तर त्या जिवाला रिपोर्ट येईपर्यंत ताटकळत ठेवू नका.