दिवाणजींनी वही मिटली तेव्हा

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. सीएच्या इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप सुटल्याचा आनंद दोन ओळींत आटोपलास आणि ओरिएंटेशन कोर्सच्या धास्तीवर वीस ओळी लिहिल्यास. "मावशी, १५ दिवस फुकट जाणार. इंग्लिश मीडियमची मुलं फाडफाड बोलणार आणि मी मागच्या बाकावर बसणार. सॉफ्ट स्किल्स शिकून बॅलन्स शीट टॅली होते का?" असं तू विचारलंस. याचं उत्तर मेसेजवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत बसून पत्र लिहिते आहे.

आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला, लागण्याआधी आपल्या सीए इन्स्टिट्यूटचे दोन कोर्स करावेच लागतात, आयटी आणि ओरिएंटेशन, प्रत्येकी १५ दिवसांचे. फायनलच्या परीक्षेआधी पुन्हा दोन आहेत, त्यातला एक मॅनेजमेंट आणि कम्युनिकेशन स्किल्सचा. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. आम्ही थेट पार्टीच्या, म्हणजे ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्या, पेढीवर जाऊन पडलो आणि जे शिकलो ते चुकून शिकलो. त्यातली एक चूक तुला सांगते, कारण ती आठवली की मला आजही वाईट वाटतं.

आर्टिकलशिपचा दुसरा महिना. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या सरांनी मला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर स्टॉक तपासायला पाठवलं. तिथले दिवाणजी साठीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. मी दोन दिवस वखारीत पोती मोजली. रजिस्टरप्रमाणे जेवढी हळद असायला हवी होती, त्यापेक्षा जवळजवळ ४० क्विंटल कमी भरत होती. मला वाटलं, मोठं घबाड सापडलं. पेढीवर दोन हमाल उभे, एक शेतकरी पट्टीसाठी बसलेला, आणि त्या सगळ्यांसमोर मी विचारलं, "दिवाणजी, ही ४० क्विंटल हळद गेली कुठं?"

दिवाणजींनी माझ्याकडं पाहिलं. हातातली वही मिटली. "शेठ आले की त्यांनाच विचारा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस पेढीवर मला वेळेवर चहा मिळाला, बसायला गादी मिळाली. कागद मात्र एकही मिळाला नाही. जे मागावं ते "शोधून ठेवतो" या उत्तरावर थांबायचं. हिशेबात मी कुठंच चुकले नव्हते. बेरीज बरोबर होती, फरकही खरा होता. पण तीस-पस्तीस वर्षं ती पेढी सांभाळलेल्या माणसाला मी चार लोकांत चोर ठरवलं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सर आले. दिवाणजींच्या शेजारी गादीवर मांडी घालून बसले. रजिस्टर मागितलंच नाही. म्हणाले, "दिवाणजी, सौदा झाल्यापासून माल वखारीतून बाहेर पडेपर्यंत हळदीचं काय काय होतं, ते या पोरीला सांगा. मलाही सगळं ठाऊक नाही." दिवाणजी बोलायला लागले. सौदा, तोलाई, मग काही माल पुन्हा पॉलिशला जातो, ड्रममध्ये फिरताना साल आणि माती झडते, कणी वेगळी निघते, मग पोती भरून नवं वजन. सर मध्ये एकदाच बोलले, "म्हणजे घट पडत असणार." "पडते की! मालावर आहे, कधी कमी, कधी जास्त." "आणि तिची नोंद?" "वर्षाअखेर एकदम करतो. पॉलिशवाल्याच्या चिठ्ठ्या आहेत ना." आणि दिवाणजींनी उठून, कुणी मागितलेलं नसताना, पत्र्याचा डबा आणून पुढं ठेवला.

चिठ्ठ्यांची बेरीज केली तेव्हा बहुतेक फरक सुटला. तीन-साडेतीन क्विंटल तरी उरलीच. ती शेठच्या एका नातलगानं बिलाशिवाय नेली होती. हेही दिवाणजींनीच सांगितलं, सर चपला घालत असताना, हळू आवाजात. माझ्या प्रश्नानं ही गोष्ट शंभर वर्षांत बाहेर आली नसती.

सरांनी केलं त्याला आपल्या धंद्यात वॉक-थ्रू म्हणतात, एखादा व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसाकडून समजून घेणं. ऑडिट हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या 'ऐकणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. जुन्या काळी हिशेब मोठ्यानं वाचून दाखवत आणि तपासणारा ते ऐकत असे. आजही एसए ५०० या ऑडिटच्या मानकात पुरावा गोळा करण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांत कागद बघणं, मोजणी बघणं, पुन्हा आकडेमोड करणं यांच्या जोडीला चौकशी करणं ही रीतही आहे. म्हणजे तू ज्याला सॉफ्ट स्किल म्हणून बाजूला सारते आहेस, ते आपल्या शास्त्रात पुरावा मिळवण्याचं साधन आहे. विचारायचं कसं, कुणाला, कुणासमोर, आणि उत्तर येत असताना गप्प कसं राहायचं, हे तुला त्या १५ दिवसांत शिकायचं आहे. ग्रुप डिस्कशनमध्ये सगळ्यात जास्त कोण बोललं ते मोजू नकोस. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून त्यावर नेमका पुढचा प्रश्न कोण विचारतं, तिकडं लक्ष ठेव.

नुसतं ऐकूनही भागत नाही. नुसत्या चौकशीतून मिळालेलं उत्तर सहसा पुरेसा पुरावा नसतं, हे तू त्याच एसए ५०० मध्ये वाचलं आहेसच. त्यामुळं कुणी काही सांगितलं की त्याच दिवशी लिहून ठेव: कोण बोललं, कधी, काय म्हणालं, आणि त्याला दुजोरा देणारा कागद कोणता. सरांनी त्या दिवशी घटीच्या चिठ्ठ्यांचा तक्ता माझ्याकडून करून घेतला आणि दिवाणजींनी सांगितलेली सगळी प्रक्रिया एका पानावर लिहायला लावली. मी तीनदा लिहिली. पहिल्या दोन्ही वेळा सरांनी एकच शेरा मारला, "ज्यानं हळद बघितलेली नाही त्याला हे समजेल का?"

तो शेरा आता मला रोज उपयोगी पडतो. पूर्वी आयकराची केस लागली की वह्या घेऊन आपण अधिकाऱ्यासमोर बसायचो. तो सांगलीतलाच, हळदीची घट त्याला सांगावी लागत नसे. शंका आली तर समोरासमोर विचारायचा. २०२० पासून असेसमेंट फेसलेस झालं. तुझं उत्तर देशात कुठल्याही शहरात बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर उघडतं. त्याला तोलाई माहीत नाही, कणी माहीत नाही, पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, ते तर नाहीच नाही. व्हिडिओवर सुनावणी मागता येते, पण मुख्य भार लिहिलेल्या उत्तरावरच असतो. चार पानं कलमं आणि निकाल उतरवून काढलेली उत्तरं मी खूप पाहिली आहेत. त्यांत मूळ गोष्ट, माल का घटला, ती तिसऱ्या पानावर एका ओळीत सापडते. आधी काय घडलं ते साध्या वाक्यांत सांग, मग आकडा, मग तो आकडा कुठल्या कागदावर आहे ते, आणि कायदा सगळ्यात शेवटी. ओरिएंटेशनमध्ये पत्र किंवा ईमेल लिहायला देतील तेव्हा कंटाळू नकोस. त्या कामावर पुढं तुझं पोट चालणार आहे.

ईमेलचंही सांगते. आमच्याकडं नवी मुलं पार्टीला मेल टाकतात, "पेंडिंग डॉक्युमेंट्स अर्जंट पाठवावेत." समोरच्याला कळतच नाही की काय पाठवायचं, मग तो काहीच पाठवत नाही, आणि मुलं म्हणतात पार्टी दाद देत नाही. त्याऐवजी लिही: "करंट अकाउंटचं फेब्रुवारीचं स्टेटमेंट आणि टेम्पोच्या विम्याची पावती, एवढे दोन कागद राहिले आहेत. गुरुवारी दुपारपर्यंत मिळाले तर शनिवारी काम संपवता येईल." आणि गुरुवारी सकाळी एक फोन कर. एवढंच.

समजावून सांगणं ही मात्र सगळ्यात अवघड गोष्ट, आणि हुशार मुलं नेमकी इथंच पडतात. आयकरात ४३बी(एच) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं, तेव्हा इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले घाबरून ऑफिसात आले. आमच्या एका आर्टिकलनं त्यांना कलम जसंच्या तसं वाचून दाखवलं, सूक्ष्म आणि लघु उपक्रम, विहित कालमर्यादा, वजावट अनुज्ञेय नाही. मुलगा हुशार, एक अक्षर चुकलं नव्हतं. ते गृहस्थ मान डोलवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत काहीही नव्हतं. मी त्यांना विचारलं, "तुमच्या सायझिंगवाल्याचं, सुताला खळ लावून देणाऱ्याचं, जानेवारीतलं बिल दिलंत का?" म्हणाले, "नाही अजून." "त्यांची उद्यम नोंदणी आहे? लघुउद्योगात?" "आहे." "मग ऐका. तुमच्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. मुदत उलटून गेली आणि ३१ मार्चला ते बिल तसंच थकलेलं राहिलं, तर तो खर्च यंदा धरता येणार नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. म्हणजे तेवढ्या रकमेवर यंदा कर." ते ताडकन म्हणाले, "म्हणजे मार्चच्या आत ह्याचे चुकते केले तर यंदाच मिळतील?" समजलं, हे त्या प्रश्नावरून कळलं. माणूस मान डोलावतो तेव्हा त्याला समजलेलं असतंच असं नाही. तो स्वतःच्या धंद्यातला पुढचा प्रश्न विचारतो, तेव्हा समजलेलं असतं.

इंग्रजीची भीती तुझ्या मनातून काढायची आहे, पण ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इंग्रजी लागतंच. रिपोर्ट इंग्रजीत, नोटिसा इंग्रजीत, मोठ्या कंपनीच्या ऑडिट कमिटीसमोर बोलायचं तेही इंग्रजीत. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतून आले. मला जे उपयोगी पडलं ते असं: कुठल्याही लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल घे, त्यातला ऑडिटरचा रिपोर्ट रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाच, दार लावून. वाक्यं लांब असतात, कुठं थांबायचं ते जिभेला कळतं. महिन्याभरात ती वाक्यरचना तुझी होते. बोलताना वाक्य छोटं ठेव आणि सावकाश बोल. "माझं इंग्रजी चांगलं नाही" अशी माफी मागून सुरुवात कधीही करू नकोस, त्यानं ऐकणारा तुझ्या मुद्द्याऐवजी तुझ्या चुका मोजायला लागतो. आणि प्रेझेंटेशनचा विषय निवडायची मुभा मिळाली तर आकाशातला विषय घेऊ नकोस. तुझ्या बाबांचं द्राक्षाचं खातं तू लहानपणापासून बघते आहेस, बेदाण्याचे सौदे तुला ठाऊक आहेत. तेव्हा बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा स्टॉक कसा तपासावा यावर बोल. त्या वर्गात त्या विषयातलं तुझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल, आणि माहीत असलेल्या गोष्टीला शब्द आपोआप सापडतात.

शिकवणारे सगळेच चांगले मिळतील असं नाही. काही जण स्लाइड वाचून वेळ काढतात. त्या दिवशीही उभं राहून बोलायची संधी आली तर सोडू नकोस.

एक गोष्ट तिथं बहुधा कुणी शिकवणार नाही, म्हणून मी सांगते: आपली चूक वरिष्ठांना सांगणं. माझ्या ऑफिसातल्या एका मुलानं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, भरताना एका मोठ्या बिलावर भलत्याच गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर टाकला. ऑगस्टमध्ये त्याच्या लक्षात आलं. माझी भीती वाटली म्हणून गप्प राहिला, पुढं बघू म्हणाला. मागच्या आर्थिक वर्षातली अशी दुरुस्ती ३० नोव्हेंबरपर्यंतच करता येते. त्यानं मला सांगितलं डिसेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये जे काम दहा मिनिटांचं होतं, ते राहिल्यानं खऱ्या गिऱ्हाइकाला त्या बिलावरच्या कराची वजावट मिळेना, आणि त्यापायी आमच्या पार्टीचं एक चांगलं गिऱ्हाईक तुटलं. मी त्याला रागावले, पण रात्री झोप मला लागली नाही. त्याला माझ्यापाशी येता आलं नाही, यात माझाही वाटा होता. तेव्हापासून दर शनिवारी मी प्रत्येकाला विचारते, "या आठवड्यात काय चुकलं?" आणि आधी माझं सांगते. तुझे सर असं विचारणारे असतील किंवा नसतील. तू मात्र त्याच दिवशी जा, दार वाजव, आणि तीन वाक्यांत सांग: काय चुकलं, रक्कम किती, दुरुस्तीची मुदत कधीपर्यंत.

प्रेझेंटेशनचा विषय ठरला की मला फोन कर. रात्री नऊनंतर मी मोकळी असते. मला ते पूर्ण म्हणून दाखव, मी मधेमधे अडवून प्रश्न विचारीन, चिडू नकोस.

आणि पहिल्यांदा पार्टीकडं ऑडिटला जाशील, त्या संध्याकाळी मला दोनच गोष्टी कळव: तिथल्या अकाउंटंटचं नाव काय, आणि ते तिथं किती वर्षं आहेत.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी