काही ऐकू आलं नाही तरी बसून राहा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. रोज रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की दार लावून दहा-पंधरा मिनिटं गप्प बसतोस आणि देवाचं काहीच ऐकू येत नाही, डोक्यात नुसतं ऑफिस, संध्याकाळच्या विरार लोकलमधली भांडणं आणि त्या कॅनडाच्या ऑफरचं टेन्शन. त्यात प्रेअर ग्रुपमधली मुलं "प्रभूने मला सांगितलं" असं इतकं सहज बोलतात की तुला वाटायला लागलंय आपल्यातच काहीतरी कमी आहे. असं अजिबात मनात आणू नकोस. आणि गप्प बसलं की आवाज आलाच पाहिजे ही अट कोणी घातली रे?

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात मीच शिकवलीय, वारा, भूकंप, अग्नी, त्यांत देव नव्हता, आणि मग ती देवाची मंद वाणी, ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आधीचं कोणी वाचत नाही. ईजबेल राणी जिवावर उठली म्हणून तो पळालेला, एका झुडपाखाली पडून म्हणतोय देवा, आता मला मरण दे. आणि देव त्याला काय देतो? झोप, भाकर आणि पाण्याचा घडा. उठून खाल्लं, परत झोपला, परत खायला दिलं, आणि मग 40 दिवस चालत होरेब डोंगरावर. म्हणजे आधी त्याचं शरीर सावरलं. तू सकाळी सहाच्या आधी घर सोडतोस, रात्री साडेनऊला येतोस, आणि अकरा वाजता डोळे मिटत असताना देवाचं ऐकायला बसतोस! वेळ बदल आधी. सकाळची मिस्सा, चर्चमधली उपासना, जमत नाही हे माहितीय मला, पण रविवारी दुपारी चर्चमध्ये कोणी नसतं, तेव्हा जा. झोप लागली तर लागू दे, देवासमोरच झोपलास ना.

अजून एक बघ, त्या डोंगरावर एलीयाला काय ऐकू आलं? प्रश्न. एलीया, तू इथे काय करतोस? दोनदा तोच प्रश्न, आणि त्यानेही दोन्ही वेळा तेच रडगाणं शब्दन्‌शब्द गायलं. त्यावर देव त्याला समजावत बसला नाही, कामं दिली, परत जा, ह्याला अभिषेक कर, त्याला कर, अलीशाला तुझ्या जागी घे. म्हणून मला "प्रभूने सांगितलं तुझं सगळं मस्त होणार" अशा निरोपांची जरा भीतीच वाटते. बायबलमधल्याच शमुवेल संदेष्ट्याला लहानपणी देवाकडून जे ऐकू आलं ते तर ज्याच्याकडे तो राहत होता त्या एली याजकाच्याच घराण्याविरुद्ध होतं, सकाळी सांगायला घाबरत होता बिचारा. आपल्याला हवं तेच नेमकं ऐकू आलं की थोडं थांबायचं, आपलंच मन बोलत नाही ना ते बघायचं.

ते बघायचं कसं? लोयोलाचे संत इग्नेशियस आधी सैनिक होते, 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले. पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचे, एकात शूर सरदार बनून एका मोठ्या घरच्या बाईचं मन जिंकायचं, दुसऱ्यात संतांसारखं देवासाठी काहीतरी करायचं. मजा दोन्हीत यायची, फरक नंतर कळायचा. पहिलं संपलं की मन कोरडं, दुसरं संपल्यावरही आनंद टिकून राहायचा. आवाज नाही, दर्शन नाही, फक्त नंतर मन कसं राहतं त्याच्यावर लक्ष. मला विचारशील तर ऐकणं म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं आणि एवढं खूप आहे. म्हणून रात्री वहीत एकच ओळ लिही, आज कशाने मन भरलं आणि कशाने सुकलं. महिन्याने सलग वाच.

आणि बसल्यावर विचार येणारच, त्यांच्याशी कुस्ती खेळू नकोस. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव, सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत. फादर अँथनी डिमेलो, ते लोणावळ्याच्या साधना इन्स्टिट्यूटवाले, सांगायचे की आजूबाजूचे आवाज नुसते ऐकत बसा. पंखा, रिक्षा, शेजारचा टीव्ही, कोणताही आवाज हाकलायचा नाही. मन निवायला याचा खरंच उपयोग होतो, पण तिथेच थांबू नकोस, कारण आपण शांततेसाठी शांत बसत नाही, कोणाजवळ तरी बसतो. मन भरकटलं की हळूच "येशू" म्हण आणि परत ये. पन्नासदा भरकटलं तर पन्नासदा ये. आणि एकदम कोरडं वाटेल त्या दिवशी प्रार्थनेतून मधेच उठायचं नाही, उलट ठरल्यापेक्षा मिनिटभर जास्तच बस, हेही इग्नेशियस यांचंच सांगणं.

मदर तेरेसांचं तर तुला माहितीच असेल. 1946 साली दार्जिलिंगला जाताना ट्रेनमध्ये त्यांना गरिबांत जाऊन राहायची हाक आली, आणि काम सुरू झालं तसा प्रार्थनेत अंधार. 1997 ला त्या गेल्या, मधला थोडा काळ सोडला तर जवळजवळ 50 वर्षं देव जवळ असल्याचं जाणवलंच नाही, हे नंतर त्यांच्या पत्रांतून जगाला कळलं. तरी रोज पहाटे चॅपेलमध्ये बसायच्या आणि मग रस्त्यावर जायच्या. प्रेअर ग्रुपमध्ये कोणी तुला कमी लेखलं की ह्यांची आठवण काढ.

आता कॅनडाचं. हो की नाही ते देव कानात सांगेल म्हणून तारीख पुढे ढकलत राहू नकोस. इग्नेशियस यांची एक युक्ती आहे, ओळखपाळख नसलेला एक मुलगा हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडे आला असं समज, तू त्याला काय सल्ला देशील? ते लिहून काढ आणि तोच सल्ला स्वतः पाळून बघ. फक्त एकदम खचलेला, चिडलेला असशील त्या दिवशी काही ठरवू नकोस आणि ठरलेलं बदलूही नकोस.

आणि हे सगळं एकट्याने करायचं नसतं. शमुवेल तीन वेळा हाक ऐकून एलीकडे धावला, देव बोलतोय हे त्याला कळलंच नाही, ते म्हाताऱ्या एलीने ओळखलं आणि त्याला सांगितलं, परत हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. तुझ्या चर्चच्या फादरांना वेळ माग, ते नक्की देतील. तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये आईचं नाव एकदाच आलंय, तेही "आईला अजून सांगितलं नाही" एवढंच. ते या शनिवारी सांग. ती काय म्हणाली, आणि ती बोलत असताना तुझ्या मनात काय काय झालं, ते मला लिही, मग पुढचं बघू.

तुझी,
टीचर